बद्द वाजलेला दगड

दगड घ्यायचा तर वाजवून घ्यावा. हातोडीचा हलका ठोका मारला आणि खणखणीत बोलला, तर तो अंगानं धड. बद्द वाजला, तर समजावं की पोटात शीर आहे. वरून कितीही गुळगुळीत दिसू दे, दहा पावसाळ्यांनी का होईना, तो तिथूनच उकलणार. माणसाला असा ठोका मारून बघायची सोय असती, तर म्हातारीची एकतीस वर्षं वाया गेली नसती.

म्हातारी म्हणायचं, पण वय पंचावन्नच्या आतलंच. खाणीच्या भुकटीनं केस आधीच पांढरे झालेले, मग लोक कशाला वर्षं मोजत बसतात? नवरा पाथरवट होता, लेकही पाथरवटच. लेकाचा हात असा, की दगडात पापणी काढून दाखवील. पण एकोणिसाव्या वर्षी खाणीत सुरुंग वेळेआधी उडाला आणि त्याचे दोन्ही कान गेले. तोंडासमोर येऊन बोललं की ओठांवरून त्याला कळायचं, आणि तो स्वतः बोलायचा ते सगळं ओरडून. आता दगड वाजवला तरी त्याला काय ऐकू येणार? म्हणून तेव्हापासून कान आईचा आणि हात लेकाचा, अशी दोघांची भागीदारी. बारा वर्षांत त्यांच्या हातचा एक उंबरा, एक पायरी उकलली नव्हती.

लोक त्यांच्या कामाला नावाजायचे आणि त्याच तोंडानं त्या घराला 'पळपुट्याचं घर' म्हणायचे.

त्याचं असं झालं. तिचा नवरा आणि गावातला आणखी एक जण, दोघं एकाच वर्षी खेचरदलात भरती झाले. गाडीची चाकं जिथं थांबतात, तिथून पुढं डोंगरावर दाणागोटा, दारूगोळा, पाणी न्यायचं ते खेचरांनी. दुसरा थोडा शिकलेला, तो लवकर हवालदार झाला. नवरा खेचर हाकतच राहिला. मग खिंडीत लढाई लागली. हवालदार छातीवर बिल्ला लावून परत आला, पुढं सुभेदार होऊन निवृत्त झाला. नवरा आला नाही. हवालदारानं बयान दिलं, की ऐन माऱ्यात त्यानं दोर कापला, जनावर सोडलं आणि पळून गेला. प्रेत नाही, पेन्शन नाही, साधं पत्र नाही. लेक तेव्हा पाच महिन्यांचा, मांडीवर.

तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की हे खोटं आहे. जो माणूस खाणीतल्या गाढवाला पाजल्याशिवाय स्वतः तांब्या तोंडाला लावत नव्हता, तो जनावर सोडून पळेल? शिवाय सुभेदार ही गोष्ट चारचौघांत सांगायचा तेव्हा एकदा दोर सुरीनं कापला म्हणायचा आणि एकदा कोयत्यानं. पण बाईमाणसाचं ऐकतो कोण? हौदावर, गिरणीत, रेशनच्या रांगेत तिचं नाव पडलं 'पळपुट्याची', आणि ते चिकटलं ते चिकटलं. लेकाचे कान गेले, तेव्हा निदान याला आता ते ऐकू येणार नाही, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला होता. त्याची तिला अजून लाज वाटायची.

तर हे दुसरं कोरडं वर्ष. गावाच्या हौदात दोन दिवसांआड टँकर रिकामा व्हायचा आणि माणशी एक घागर मिळायची. पाणी नाही म्हणून बांधकामं बंद, बांधकामं बंद म्हणून पाथरवट रिकामा. लेक छिन्न्यांना धार लावून लावून त्या झिजवत होता. सून म्हणायची, "आत्या, आता एक करा, मलाच घडवायला घ्या, निदान त्यांचा हात तरी चालू राहील." हसायचं आणि दिवस ढकलायचा, दुसरं काय?

अशात सुभेदार स्वतः चालत त्यांच्या अंगणात आला. निवृत्त होऊन गावात आल्यापासून, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

खेचरदलाला शंभर वर्षं होत होती. या भागातून दलात गेलेल्यांचं स्मारक चावडीसमोर उभं करायचं ठरलं होतं. चौथऱ्यावर दगडात घडवलेलं खेचर, त्यामागे पुरुषभर उंचीची शिळा, शिळेवर दलाचा इतिहास आणि मेलेल्यांची नावं. समितीचा अध्यक्ष सुभेदार, आणि टंचाईत हौदाची किल्लीही त्याच्याच कमरेला. तो बसला नाही. सुनेनं घरातल्या घागरीतला तांब्या भरून आणून दिला, तर त्यानं एक घोट तोंडात फिरवून अंगणात थुंकला आणि उरलेलं पाणी आपल्या धुळीच्या चपलांवर ओतलं. सून त्या ओल्या मातीकडे बघत राहिली.

"काम तुझ्या लेकाला देतोय," सुभेदार म्हणाला. "मागचं मी काही मनात धरलेलं नाही."

म्हातारीनं हात जोडले. मनात म्हणाली, तू कशाला धरशील? धरायचं ते मी धरलंय.

कोरायच्या मजकुराचा कागद त्यानं दिला, तो लेकानं वाचला, ओरडून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. दलाचा इतिहास चौदा ओळींत होता: कुठल्या कुठल्या लढाईत खेचरांनी सुट्या केलेल्या तोफा पाठीवरून नेल्या, कुठल्या हिवाळ्यात औषधं पोचवली, 'जिथे वाट संपते तिथून आमचे काम सुरू होते' हे दलाचं वाक्य. मग एकवीस नावं. आणि सगळ्यात शेवटी, मोठ्या अक्षरांत, स्मारक समितीचे अध्यक्ष म्हणून सुभेदाराचं, बिल्ल्याच्या उल्लेखासकट.

म्हातारीला वाचता येत नव्हतं. पण नवऱ्याच्या पत्र्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं त्याचं नाव घातलेलं होतं आणि ती ट्रंक ती रोज पुसायची. त्या अक्षरांचा आकार तिला पाठ होता. तिनं कागद हातात घेऊन एकेका ओळीखाली बोट फिरवलं. एकवीस ओळी झाल्या, तो आकार कुठंच आला नाही. तिनं कागद घडी घालून लेकाला परत दिला आणि शेळीला चारा टाकायला गेली. तिथं गोठ्यात उभी राहून तिनं ठरवलं, की या माणसाचं नाव दगडावर जायचंय ना, जाऊ दे. कुठल्या दगडावर ते मी बघते.

दुसऱ्या दिवशी मायलेक खाणीत गेले. जुन्या काळात कुणी काढून ठेवलेल्या दोन लांब शिळा तिथं पडून होत्या, दोन्ही काळ्या, दोन्ही मापाच्या. तिनं पहिलीवर हातोडी धरली. वरपासून खालपर्यंत ती शिळा घंटेसारखी बोलली. दुसरीवर धरली. वरचा भाग चांगला वाजला, मधला वाजला, आणि खालून हातभर अंतरावर आवाज बसला. बद्द. तिनं थोडं डावीकडे मारलं, थोडं उजवीकडे. शीर तिरपी होती, डाव्या कडेपासून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत उतरत गेलेली. शेवटची मोठी ओळ जिथं येणार होती, नेमकी तिथं.

लेक तिच्या तोंडाकडे बघत उभा होता. इतक्या वर्षांत त्यानं कधी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. तिनं दुसऱ्या शिळेवर थाप मारली आणि मान हलवली. ही.

तिच्या डोळ्यांसमोर चित्र स्पष्ट होतं. दोन उन्हाळे तापेल, दोन पावसाळे पाणी आत मुरेल, आणि एक दिवस चावडीसमोर सगळ्यांच्या देखत तो बिल्लेवाला कोपरा सुटून तोंडावर आपटेल. सुभेदार सत्तरीचा असला तरी धडधाकट होता. त्याला ते बघायला मिळालं पाहिजे, एवढंच तिचं मागणं होतं.

शिळा क्रेननं अंगणात आली. गोणपाटाचा मांडव घालून ती ओंडक्यांवर आडवी ठेवली, आणि मग लेकानं नेहमीप्रमाणे घागर मागितली. पाथरवटांची ही दुसरी परीक्षा. कानानं निवडलेल्या दगडावर पाणी ओतायचं आणि वाळू द्यायचं. सगळा दगड वाळतो. शीर असली तर तिच्यात शिरलेलं पाणी मागे राहतं आणि ओली रेघ दिसते. घरात प्यायला जेमतेम पाणी, म्हणून म्हातारी घागर घेऊन हौदावर गेली. तिला उत्तर माहीत होतं, आणि ते दहा बायकांसमोर मिळावं म्हणून तिनं गर्दीचीच वेळ धरली.

"दगडाला पाणी?" सुभेदार खुर्चीतून म्हणाला. "इथं माणसांना मिळेना. पळपुट्याच्या घरात पाण्याची फार उधळण चाललीय की."

बायका हसल्या, काही खाली मान घालून. म्हातारीनं विचारलं, की मग न बघताच कोरायचा का? त्यानं सांगितलं, तसाच कोर. ती परत आली. लेकाला पटेना. तो पुन्हा घागर पुढं करून ओरडला, की पाणी घातल्याशिवाय मी छिन्नी लावणार नाही. मग चार दिवसांनी ती पुन्हा गेली, पुन्हा तेच ऐकलं, या वेळी गिरणीवालाही तिथं होता. दोनदा झालं. तिनं लेकासमोर बसून सावकाश ओठ हलवले: माझा कान आहे ना? लेकानं तिच्याकडे पाहिलं, हसला, आणि छिन्नी उचलली.

पुढचे दोन महिने त्या अंगणात दुसरा आवाज नव्हता. आधी खेचर झालं. लेकानं त्याचे कान मागे दुमडलेले दाखवले, वाऱ्याला तोंड देताना जनावर दुमडतं तसे, आणि पाठीवर पाण्याचे चार डबे. डब्यांऐवजी तोफेचा तुकडा दाखव म्हणून समितीचा निरोप आला, तर तो ओरडला, की माझा बाप पाणी न्यायचा. निरोप्या गुपचूप निघून गेला. मग शिळेचा तळहात तळहात भाग घासून सपाट केला. कोरड्यानं घासायचं म्हणजे भुकटी नाकातोंडात जायची. सून भाकरी वाढायची ती भुकटीखालून शोधून खावी लागायची. म्हातारीच्या बोटांना भेगा पडल्या, लेकाचा उजवा खांदा सुजला, तो रात्री कुशीवर वळू शकत नव्हता. अक्षरं वरून खाली उतरत आली. इतिहास झाला, एकवीस नावं झाली. शेवटची मोठी ओळ आली तेव्हा म्हातारी लेकाला म्हणाली, इथं जरा हलक्या हातानं मार. का ते त्यानं विचारलं नाही. सुभेदाराचं नाव त्यानं बाकीच्यांसारखंच मन लावून कोरलं, त्याला कामात दुजाभाव करता यायचा नाही. ते बघताना तिनं पहिल्यांदा नजर वळवली. तिनं मनाला समजावलं, की काट्यानंच काटा निघतो.

समारंभाला पंधरा दिवस राहिले, तेव्हा दलाच्या कचेरीतून एक तरुण कप्तान काम बघायला आला. सुभेदार इस्त्रीचे कपडे घालून त्याच्या मागेपुढे करत होता. गावातले पाचपंचवीस लोक अंगणात जमले. कप्तानानं खेचराच्या मानेवर हात फिरवला, डब्यांकडे बराच वेळ बघितलं, मग शिळेपाशी वाकून आपल्या कागदाशी एकेक नाव लावून घेतलं. शेवटी त्यानं मान वर केली.

"एक नाव कमी आहे," तो म्हणाला.

सुभेदार म्हणाला, यादी समितीत पक्की झालीय. कप्तानानं त्याच्याकडे न बघता कागदावरचं नाव वाचलं. ते म्हातारीच्या नवऱ्याचं होतं. म्हातारी मांडवाच्या खांबाशी उभी होती, ती तिथंच खाली बसली.

मग कप्तानानं सांगितलं ते असं. गेल्या वर्षी खिंडीत दरड कोसळली. रस्ता करणाऱ्या मजुरांना मातीत एका माणसाची आणि एका खेचराची हाडं सापडली. माणसाच्या गळ्यातली पत्र्याची चकती आणि खेचराच्या खुरावर डागलेला आकडा, दोन्ही नोंदीशी जुळले. पाण्याचे चारही डबे लादलेले होते. आणि जागा होती ठाण्याच्या मागं नव्हे, पुढं, वरच्या चौकीच्या वाटेवर. त्या चौकीतल्या लोकांना तीन दिवस पाणी नव्हतं. हे सगळं लिहून दलानं तीन महिन्यांपूर्वी समितीच्या पत्त्यावर पत्र पाठवलं होतं, घरच्यांना कळवा म्हणून.

"टपालात गहाळ झालं असेल," सुभेदार म्हणाला.

म्हातारी रडली नाही. तिनं खालूनच विचारलं, "साहेब, दोर कापलेला होता का?"

"नाही, आई. एक टोक खेचराला आणि एक त्यांच्या कमरेला होतं. गाठ तशीच होती."

लेकाला यातलं निम्मंच कळलं होतं. सुनेनं त्याला हाताला धरून बाजूला नेलं आणि तोंडासमोर तोंड नेऊन सगळं सांगितलं. तो मोठमोठ्यानं रडला. त्याचा आवाज त्याला ऐकू येत नसल्यानं तो कसा आवरावा हेही त्याला कळत नव्हतं. रडून झाल्यावर त्यानं नाक पुसलं, गेरूची वाटी आणली आणि शिळेवर वाकला. एकविसाव्या नावाखाली आणि सुभेदाराच्या ओळीच्या वर चार बोटं जागा शिल्लक होती. कप्तान म्हणाला, तेवढ्यात बसेल. लेकानं सुतळी धरली, रेघ मारली, आणि बापाचं नाव गेरूनं काढलं. ट्रंकेवरचाच आकार, जसाच्या तसा. मग त्यानं छिन्नी आणि हातोडी आईच्या हातात दिली.

"आई, पहिला घाव तू घाल," तो ओरडला.

तिनं छिन्नी पहिल्या अक्षरावर टेकवली, आणि तिला कळलं की आपण काय करून बसलोय. डाव्या कडेला शीर वर चढत होती. ती बरोबर या चार बोटांमधून जात होती. नवऱ्याच्या नावाचा सुरुवातीचा अर्धा भाग आणि सुभेदाराचा शेवटचा अर्धा, एकाच रेघेवर. आपल्याच हातानं तिनं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

गप्प बसायचं, तर आज कुणाला काही कळणार नव्हतं. दोन वर्षांनी कोपरा सुटेल, सुभेदार पडेल आणि त्याच्याबरोबर तिचा माणूसही पडेल. एकतीस वर्षं मातीत होता, वर काढला तो पुन्हा पाडायला, आणि तोही त्याच माणसाच्या सोबतीनं. बोलायचं, तर लेकाची अब्रू जाणार. बारा वर्षांची साख. लोक म्हणतील, पळपुट्याच्या घरानं दगडातही दगा दिला. आणि लेकाला कळणार, की आईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दगडाखाली हात सापडला होता, कसाही काढला तरी कातडं सोलणारच होतं.

तिनं छिन्नी खाली ठेवली. पदर खोचला. कप्तानासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, अक्षर पडायच्या आधी दगड पाण्यानं बघायचा असतो. मी दोनदा पाणी मागितलं, मिळालं नाही. आज एक घागर हवी."

कप्तानानं सुभेदाराकडे पाहिलं. सुभेदार हसायचा प्रयत्न करत म्हणाला, की टंचाई आहे साहेब, आणि आता काम संपत आल्यावर हे काय नाटक? गिरणीवाला मागून म्हणाला, की नाही, मागितलं होतं खरं, मी होतो तिथं. सुभेदारानं त्याच्याकडे वळून बघितलं. मग चिडून एका पोऱ्याला हाक मारली, की जा रे, घागर घेऊन ये.

"त्याला कशाला?" म्हातारी म्हणाली. "किल्ली तुमच्या कमरेला आहे. हौद दीडशे पावलांवर आहे. माझा माणूस याहून लांब पाणी नेत होता."

कप्तानानं मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि म्हणाला, "आणा, सुभेदार. मी थांबतो."

सुनेनं घागर आणून पुढं केली. सुभेदार गेला. हौदावर बायका होत्या, त्यांनी त्याला वाट करून दिली आणि त्याच्या मागोमाग येऊन गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. भरली घागर त्याला धड खांद्यावरही घेता येईना आणि कमरेवरही. छातीशी कवटाळून तो आला. इस्त्रीचा सदरा पोटावर भिजला होता, श्वास लागला होता, आणि पाणी चपलांवर सांडत होतं. म्हातारी ते एकेक पाऊल बघत होती. त्या क्षणी तिला कुणी राज्य दिलं असतं तरी तिनं तिथून नजर काढली नसती.

तिनं घागर घेतली आणि वरून खाली सगळ्या शिळेवर पाणी सोडलं. गेरूचं नाव धुऊन गेलं. ऊन कडक होतं. इतिहास वाळला, नावं वाळली, दगड राखाडी होत होत खाली आला. आणि खालच्या हातभर भागात केसाएवढी काळी ओली रेघ मागे राहिली, डाव्या कडेकडून उजव्या कोपऱ्यापर्यंत, सुभेदाराच्या बिल्ल्याला मधोमध चिरून गेलेली.

सगळे दगडाकडे बघत होते. लेक एकटा आईकडे बघत होता. एवढी शीर तिच्या कानाला चुकणार नाही, हे जगात फक्त त्यालाच ठाऊक होतं. तिनं मान खाली घातली.

सुभेदाराचा आवाज चढला, की या बाईनं हे मुद्दाम केलंय, हिनं मला पहिल्यापासून पाण्यात पाहिलंय.

"मुद्दाम तर मुद्दाम," म्हातारी म्हणाली. "त्या दिवशी एक घागर दिली असतीत, तर हा दगड तिथल्या तिथं परत गेला असता. पाणी तुम्ही अडवलंत. तेव्हाही पाण्यावर माझा माणूस गेला आणि बयान तुम्ही दिलंत. सुरीनं कापला होता ना दोर? का कोयत्यानं?"

सुभेदाराच्या तोंडचं पाणी पळालं. कप्तानानं कागद घडी करून खिशात ठेवला. नवी शिळा घ्या, तो म्हणाला, समारंभ आठ दिवस पुढं नेऊ. आणि तिच्यावर दलाच्या नोंदीत मेलेल्यांची नावं आहेत तेवढीच, दुसऱ्या कुणाचं नाही. मग सुभेदाराला हलक्या आवाजात सांगितलं, की तुमचं त्या वेळचं बयान आम्ही काढून ठेवलंय, सोमवारी कचेरीत या. हलक्या आवाजात सांगितलं, पण अंगण एवढंसं, ऐकलं सगळ्यांनी.

खाणीतली ती दुसरी, घंटेसारखी बोलणारी शिळा आली. दलाचा टँकर आला, पाण्याची कमी राहिली नाही. तेवीस दिवस मायलेक पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत राबले, आणि त्या तेवीस दिवसांत लेक आईशी एका प्रश्नापलीकडे काही बोलला नाही. तो त्यानं पहिल्याच दिवशी विचारला होता, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा न ओरडता, "तुला ऐकू आलं होतं ना?" तिनं हो म्हटलं. मग तो नव्या शिळेजवळ गेला, तिला विचारलं नाही. डावा तळहात दगडावर सपाट टेकवला, उजव्या हातानं हातोडीचा ठोका मारला आणि डोळे मिटून बसला. पुन्हा मारला. दगडाचा कंप तळहातातून कसा येतो ते तो शिकत होता. त्याला तिचा कान आता नको होता. म्हातारी चुलीपाशी बसून ते ठोके ऐकत राहिली. एकतीस वर्षांत कुठल्या टोमण्यानं लागलं नव्हतं एवढं तिला ते लागलं.

समारंभ झाला. बिगूल वाजला, भाषणं झाली, दलाचे बडे साहेब आले. सुभेदार आला नाही. बावीस नावांत तिच्या माणसाचं नाव नववं होतं. ते लेकानं बाकीच्यांपेक्षा दोऱ्याच्या जाडीएवढं खोल कोरलं होतं; डोळ्यांना कळलं नसतं, पण तिनं बोट फिरवलं तेव्हा बोटाला कळलं. परत येताना गिरणीवाला सवयीनं "अगं ए पळ..." म्हणाला आणि जीभ चावून तसाच उभा राहिला. तिला हाक मारायला गावाकडे दुसरं नावच नव्हतं.

उकलणारी शिळा अंगणातच पडून होती. लेकानं शिरेत पाचरा ठोकल्या तेव्हा ती भाकरीसारखी सुटली. वरचा भाग त्यानं नावं खाली करून गोठ्यामागे मानानं पुरला. खालचा तुकडा उरला, ज्याच्यावर आता सुभेदाराचंच नाव होतं, बिल्ल्यापाशी तुटलेलं. तो न्यायला सुभेदाराचा माणूस दोनदा येऊन गेला. फोडून टाका तरी, असाही निरोप आला. म्हातारीनं सांगितलं, की हा दगड गावकीचा नाही, आमच्या घरचा आहे.

सुनेला बऱ्याच दिवसांपासून धुणं धुवायला दगड हवा होता. मोरीपाशी, रस्त्याच्या बाजूला, लेकानं जमीन सपाट केली आणि तो तुकडा आणून बसवला, अक्षरं खाली आणि गुळगुळीत पाठ वर. कुणाचंही असलं तरी अक्षर आहे, असं त्याला वाटलं असावं. म्हातारी दोन बादल्या पाणी आणि धुण्याचा पिळा घेऊन आली. दगड बघितला. लेकाच्या खांद्याला हात लावून त्याला आपल्याकडे वळवलं, आणि त्याला नीट कळावं म्हणून सावकाश ओठ हलवले. त्याच वेळी सुभेदार काठी टेकत रस्त्यानं चालला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही, पण आवाज मात्र लपवला नाही.

"उलटा कर तो," ती म्हणाली. "अक्षरं वर येऊ दे. खरखरीत असली की मळ चांगला निघतो."